खण क्रमांक चौदा

मुलांनो, हातात काय असेल ते जरा बाजूला ठेवा आणि डोळे मिटा. नीट मिटा. फटीतून बघणारे मला इथूनही कळतात.

आता कल्पना करा, की रस्त्यावरून दोन पायऱ्या उतरून तुम्ही एका दुकानात आला आहात. डाव्या हाताला झेरॉक्सची चार यंत्रं. तिसऱ्याचं झाकण नीट बसत नाही, त्यामुळे ते चाललं की हिरवा उजेड छतावरून पालीसारखा सरकत जातो. गरम कागदाचा वास येतोय, नुकत्याच इस्त्री केलेल्या चादरीसारखा. उजवीकडे बांधणीचं टेबल, त्यावर कागद कापायचं लांब पातं आणि डिंकाचा डबा. आणि समोरच्या भिंतीवर, पार छतापर्यंत, लाकडी खण. आठ ओळी, प्रत्येक ओळीत आठ. गुणाकार तुम्ही करा, मी थांबतो.

बरोबर, चौसष्ट.

हे खण आपल्या ठिपकीच्या आजोबांनी तरुणपणी खोक्यांच्या फळ्यांतून ठोकले. तेव्हा त्यांनी अंगठा कसा ठेचून घेतला, आणि तो बांधायला धावत आलेल्या मुलीशी पुढे त्यांचं लग्न कसं झालं, हे मागे सांगून झालं आहे. पण खणांचा रिवाज आज पुन्हा सांगायला हवा, कारण आजचं सगळं भांडण त्याच्यावरच उभं आहे.

त्या रिवाजाला घरात ‘मागच्यासाठी’ म्हणत. एखादा विद्यार्थी स्वतः लिहिलेली टिपणं घेऊन यायचा, झेरॉक्स काढायचा, झेरॉक्स स्वतः न्यायचा आणि मूळ कागद एका खणात ठेवून जायचा. मागून येणाऱ्यासाठी. मागून येणारा आला, की तो खणाचा आकडा सांगणार, कागद घेणार, प्रत काढणार, कागद परत जागेवर. आजोबांना याचा इतका अभिमान, की पाहुण्यांना ते आधी खण दाखवत आणि मग नातवंडं.

पुढे आजोबांची नजर अधू झाली. दुकान काका बघू लागला. त्याने यंत्रं अशी बसवली, की गिऱ्हाइकाने स्वतःच बटण दाबायचं. आणि मग, कधी ते कुणालाच सांगता आलं नसतं, खणांत टिपणांच्या शेजारी छापील पानं दिसू लागली. आधी चार पानं. मग एखादा धडा. मग पुस्तकं, सबंध.

आता डोळे उघडा. शनिवारची दुपार आहे, दाराला ‘बंद’ची पाटी आहे, आणि आत सगळे जमले आहेत.

“वाच ताई, जोरात वाच,” काका म्हणाला. “म्हणजे हसायला बरं पडेल.” तो दुकानातल्या एकुलत्या एक उंच स्टुलावर बसून पाय हलवत होता.

आत्या वकील होती. तिचं रोजचं काम घरांची खरेदीखतं आणि शेजाऱ्यांच्या सामाईक भिंती. पण कुटुंबात कुणालाही नोटीस आली, की ती तिच्याच हातात पडायची, कुणाचंही पोट दुखलं की जशी डॉक्टर जावयाची आठवण होते तशी. तिने चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला.

“‘आमच्या अशील बाईंनी स्वतः काढलेल्या नकाशांच्या पुस्तकाच्या संपूर्ण प्रती आपल्या दुकानात सर्रास काढल्या जातात. सोमवारी संध्याकाळपर्यंत समाधानकारक उत्तर न आल्यास, दुकानातील यंत्रे व खणांची मांडणी जप्त करण्याची मागणी न्यायालयाकडे केली जाईल.’”

“खणांचीही?” आजोबांनी विचारलं. ते भिंतीला पाठ लावून बसले होते, म्हणजे खणांनाच पाठ लावून. “खणांनी काय केलंय?”

“तेच तर! कुणी काय केलंय?” काका म्हणाला. “आपण एक तरी पान काढलंय का? बटण कोण दाबतं? गिऱ्हाईक. चोरी कुणाची? बटण दाबणाऱ्याची. असं दोन ओळींत लिही आणि दे पाठवून.”

“भाऊजी बरोबर बोलतायत,” ठिपकीची आई म्हणाली. बांधणीचं टेबल तिचं होतं. ठिपकीचे बाबा कारखान्यात आणि ती इथे, असं त्यांचं घर चालायचं. “आपण दुकान उघडून बसतो, एवढंच. रस्ता बांधणाऱ्याला कुणी विचारतं का, तुझ्या रस्त्यावरून चोर का पळाला म्हणून?”

“वा वहिनी!” काकाने स्टुलावरूनच मुजरा केला. “तूच वकील व्हायला हवं होतंस. हिला बांधणीला बसवू.”

सगळे हसले. फक्त ठिपकी हसली नाही. ती दुसऱ्या पायरीवर रंगीत पेन्सिलींना टोकं करत बसली होती. दोन वर्षांची असताना तिने शाईच्या डब्यात नाक बुडवलं होतं, तेव्हापासून तिचं हे नाव. आता दहा वर्षांची झाली तरी सुटलं नव्हतं. पेन्सिल टोकदार झाली होती तरी ती टोक करतच होती.

आत्याने नोटीस घडी करून टेबलावर ठेवली.

“धाकट्या, तू कशावर बसलायस?”

“स्टुलावर.”

“कुठलं स्टूल आहे ते?”

काकाने खाली पाहिलं आणि पाय हलवायचे थांबवले. “ताई, नको. चाळीस वर्षं झाली त्याला.”

“कुठलं स्टूल, आत्या?” ठिपकीने विचारलं.

“जॅमचं!” आत्याचे डोळे चमकले. “तुझी आजी जॅमची बरणी सगळ्यात वरच्या फळीवर ठेवायची. एक दिवस तुझे बाबा या स्टुलावर चढले. काकाने काय केलं?”

“मी फक्त स्टूल धरलं होतं!” काका उसळून म्हणाला. “जॅमला बोटही लावलं नव्हतं!”

“मग आपल्या आईने कुणाला भांडी घासायला लावली?”

“दोघांना.” काकाचा आवाज आजही दुखावलेला होता. “आणि हा अन्याय आहे, हे मी तेव्हाही सांगितलं होतं.”

“वर काय आहे, तुला माहीत होतं?”

“जॅम होता. सगळ्या घराला माहीत होतं.”

“स्टूल धरलं नसतंस तर दादा चढला असता?”

“पडला असता. याचा एक पाय आखूड आहे.” काका थांबला. मग सावकाश म्हणाला, “ताई, तू मला पुन्हा भांडी घासायला लावणार आहेस, हे मला दिसतंय.”

“कायदा फार वेगळं विचारत नाही,” आत्या म्हणाली. “चोरी दुसऱ्याने केली, कबूल. पण ती होतेय हे तुम्हाला माहीत होतं का, आणि माहीत असून तुम्ही हात दिलात का? दिला असेल तर थोडी तुमचीही.”

“आणि मी?” आजोबांनी विचारलं. “मी तर स्टूलही धरलं नव्हतं.”

“अण्णा, तुमचं तर बोलूच नका. तुम्ही दारात उभे होतात. एक हाक मारली असतीत तर दोघं खाली आले असते. तुम्ही काय केलंत?”

आजोबा गालातल्या गालात हसू लागले. “पाव घेऊन आलो.”

“पाव घेऊन आलात! थांबवता येत होतं, थांबवलं नाहीत, वर स्वतःही खाल्लंत. त्यालाही कायद्यात वेगळी जागा आहे. आणि इथे दर पानामागे आपल्याला पैसे मिळतात, म्हणजे पाव सगळ्यांच्याच हातात आहे.”

आईला हसू आलं, पण अर्ध्यावर थांबलं. तिची नजर टेबलावरच्या पात्याकडे गेली होती. मागच्या वर्षी एक मुलगा नकाशांचं नवंकोरं पुस्तक घेऊन आला होता. ‘काकू, कणा कापून पानं सुटी करून द्याल? यंत्रावर सपाट बसत नाही.’ किती चांगली बांधणी होती ती! दोऱ्याने शिवलेली, हल्ली कोण शिवतं? तिला त्या शिवणीवर पातं चालवताना वाईट वाटलं होतं. वाईट वाटलं होतं, आणि तरीही तिने ते चालवलं होतं.

“ताई,” ती म्हणाली, “रस्त्याचं मी मघाशी म्हणाले ना, ते परत घेते.”

“वहिनी! तू पक्ष बदलतेयस?”

“भाऊजी, ते पुस्तक मी फाडलंय. या हातांनी. आणि त्याच्या किती प्रती बांधल्या, विचारा. मुखपृष्ठासकट यायच्या. मी त्यांना वर प्लास्टिकही लावायची, पावसात भिजू नयेत म्हणून. काय समजत होते मी? की ही टिपणं आहेत?”

काका एकटा पडला. एकटं पडलं, की काकाला जास्त चेव यायचा.

“ठीक आहे. तुला माहीत होतं. मला नव्हतं. दुकानाचा मालक मी. असं लिही, की मालकाला खणांत काय आहे याची कल्पना नव्हती. चौसष्ट खण, रोज शंभर माणसं. मी काय प्रत्येक कागद वाचत बसू?”

आत्याने नोटिशीचं पाकीट पुन्हा उघडलं आणि त्यातून एक फोटो काढला. तो तिने सकाळीच पाहिला होता, आणि दाखवावा की नाही याचा दुपारभर विचार करत होती. तिने तो टेबलावर ठेवला.

फोटो दुकानाच्या काचेचा होता. काचेवर आतून लावलेली एक जाहिरात. निळी, लाल, हिरवी अक्षरं, एकेक टपोरं, रांगेत उभ्या राहिलेल्या मुलांसारखं:

*नकाशांचं सबंध पुस्तक! मुखपृष्ठासकट!*
*खण क्रमांक चौदा.*
*या, बटण दाबा, घेऊन जा!*

आणि कोपऱ्यात एक सुरेख होकायंत्र.

सगळ्यांनी एकदा काचेकडे पाहिलं. ती जाहिरात अजून तिथेच होती. आतून तिची पाठ दिसत होती. या घराची चूकच बघा कशी. नोटीस आली, सगळे जमले, तावातावाने भांडले, पण ती काढून ठेवायचं कुणाला सुचलं नाही. अक्षर इतकं छान होतं, की ती जाहिरात आहे हेच सगळे विसरून गेले होते. त्यांच्या लेखी ते ठिपकीच्या अक्षराला मिळालेलं बक्षीस होतं, काचेवर लावलेलं.

पायरीवर पेन्सिलीचं टोक मोडलं.

“माहीत नव्हतं, असं आता लिहिता येणार नाही,” आत्या हळू आवाजात म्हणाली. “माहीत होतं, एवढंच नाही. आपण लोकांना बोलावत होतो.”

“ते अक्षर माझं आहे,” काका म्हणाला.

आता हे ऐकून तुम्ही का हसायचं, ते सांगतो. काकाचं अक्षर औषधांच्या दुकानदारांनाही लागत नसे. त्याने एकदा दारावर ‘लवकरच येतो’ लिहून ठेवलं होतं, तर लोक दुकान विकलं समजून चौकशीला आले होते.

“भाऊजी,” आई म्हणाली.

“माझं आहे. मी जीव लावून काढलं.”

“काका, ते मी लिहिलंय,” ठिपकी म्हणाली. ती उठून उभी राहिली होती, आणि तिच्या फ्रॉकवरून पेन्सिलीच्या साली घरंगळत होत्या. “होकायंत्र पण मीच काढलं. पुस्तकात बघून. पान एकोणीस.” तिचा आवाज बारीक झाला. “माझ्यामुळे आजोबांचे खण नेणार का?”

काका स्टुलावरून उतरला नाही, तो पडल्यासारखाच खाली आला.

“तुझ्यामुळे? ए, इकडे बघ. पेनांचा डबा कुणी आणून दिला? मी. काय लिहायचं ते कुणी सांगितलं? मी. ‘मुखपृष्ठासकट’ तर तू म्हणालीस, काका कशाला लिहायचं, आणि मी म्हणालो लिही. काचेवर चिकटवली कुणी? तुझा हात तरी पोचतो का तिथे?” तो आत्याकडे वळला. “ताई, हे नोटिशीच्या उत्तरात स्पष्ट लिही. हात तिचा असेल, पण लिहवून मी घेतलंय. दोष माझा. तिचं नावसुद्धा यायचं नाही.”

“पण बटण तर तू दाबलं नाहीस,” आत्या म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे पेन तिच्या हातात होतं. तू फक्त डबा दिलास. फक्त सांगितलंस. फक्त काच दिलीस. दुसऱ्याच्या हाताने झालेल्या गोष्टीत तुझा काय दोष?”

काकाने यंत्रांकडे पाहिलं, मग खणांकडे, मग स्टुलाकडे.

“ताई,” तो म्हणाला, “तू लहानपणापासून अशीच आहेस.”

आजोबा इतके मोठ्याने हसले, की त्यांना ठसका लागला आणि आईने पाणी आणलं. पाणी पिऊन होईपर्यंत ते कसला तरी विचार करत होते. ग्लास खाली ठेवून ते उठले आणि खणांकडे तोंड करून उभे राहिले.

“मला तिसऱ्या ओळीतलं काहीतरी द्या.”

आईने एक गठ्ठा त्यांच्या हातात दिला. आजोबांनी वरचा कागद उलटा केला आणि त्याच्या पाठीवरून बोटं फिरवली.

“हे हाताने लिहिलंय. पेन दाबून. पाठीवर उठाव लागतो. ज्याने लिहिलं त्यानेच ठेवलंय. हे राहू दे.” दुसरा गठ्ठा. बोटं फिरली, थांबली. “हे गुळगुळीत. हे कुणाचं तरी आहे, पण ठेवणाऱ्याचं नाही. काढा.”

“अण्णा, सगळे बघणार?”

“चौसष्टच्या चौसष्ट. दुसऱ्याचं ‘मागच्यासाठी’ ठेवायचा हक्क आपल्याला कुणी दिला होता? मी हा रिवाज काढला, तेव्हा ठेवणारा स्वतःचं ठेवायचा. हे मीच विसरलो, तर तुम्ही कशाला लक्षात ठेवाल?”

तास-दीड तास ते काम चाललं. काका स्टूल घेऊन वरच्या ओळींना लागला. ठिपकीने स्टूल धरलं. “काका, वर काय आहे मला माहीत आहे हं,” ती म्हणाली, तेव्हा काकाला इतकं हसू आलं की आखूड पायाने आपलं काम केलंच असतं. आई गुळगुळीत गठ्ठ्यांना दोरी बांधत होती. आत्या टेबलावर उत्तराचा मसुदा लिहीत होती, आणि दर चार ओळींनी कुणालातरी ओरडत होती.

शेवटी सत्तावीस खण रिकामे झाले. आजोबांनी प्रत्येकात हात घालून पाहिला. दात पडल्यावर जीभ जशी तिथेच जाते, तसा. चौदाव्यात त्यांचा हात जरा जास्त वेळ राहिला. ठिपकीने ते पाहिलं.

“एवढ्याने त्या बाई ऐकतील, ताई?” आईने विचारलं.

“सांगता येत नाही. बंद केलं, चूक कबूल केली, हे आपल्या बाजूचं. पण ज्या प्रती गेल्या, त्या गेल्या. त्यांनी हट्ट धरला, तर खण जाऊ शकतात. मी काही खोटा धीर देणार नाही.”

ठिपकी काचेपाशी गेली. हात पोचत नव्हता. तिने स्टूल ओढलं, या वेळी ते काकाने धरलं. तिने चारही कोपरे नखाने सोडवले, जाहिरात गुंडाळी केली आणि काखेत मारली.

“नोटिशीत त्यांचा पत्ता आहे ना, आत्या? लांब आहे का?”

“तीन रस्ते पलीकडे. का?” आत्याने पेन खाली ठेवलं. “नाही हं ठिपके. असं कुणी जात नाही. वकिलाने वकिलाला लिहायचं असतं.”

“मी वकील नाहीये.”

आत्याने आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी छताकडे पाहिलं. काका यंत्राची काच पुसू लागला, स्वच्छ होती तरी.

“बरं,” आत्या पर्स उचलत म्हणाली. “वकील म्हणून मी यातलं काहीही पाहिलेलं नाही. आत्या म्हणून जिन्याच्या खाली थांबेन.”

नकाशेबाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार उघडलं ते एका उंच, पांढऱ्या केसांच्या बाईंनी. त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला हिरवी शाई लागली होती. नदीचा रंग नसावा, जंगलाचा असावा.

ठिपकीने जाहिरात उलगडून समोर धरली. तिची वाक्यं वाटेत पाठ झाली होती, ती सगळी आता जिन्यावरून परत खाली गेली. एकच उरलं.

“हे अक्षर माझं आहे,” ती म्हणाली.

बाईंनी चष्मा लावला आणि सावकाश वाचलं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. मग त्या कोपऱ्यावर थांबल्या.

“अक्षर फार सुरेख आहे,” त्या म्हणाल्या. “होकायंत्र मात्र माझं आहे.”

“हो. पान एकोणीस.”

“ते काढायला मला चार दिवस लागले होते. विचारलं होतंस?”

“नाही.”

“का नाही?”

ठिपकीने खरंच विचार केला. “विचारायचं असतं, हे सुचलंच नाही. तुम्ही पुस्तकात होतात. तीन रस्ते पलीकडे आहात, हे माहीत नव्हतं.”

बाईंच्या ओठांचा एक कोपरा हलला, पण त्या हसल्या नाहीत. “मग आता विचार,” त्या म्हणाल्या.

ठिपकीला आजोबांचा हात आठवला, रिकाम्या खणात थांबलेला. तिने जाहिरात उलटी केली. मागची बाजू कोरी होती. ती तिने दोन्ही हातांनी नीट सपाट केली, खिशातली हिरवी पेन्सिल काढून बाईंच्या समोर धरली आणि विचारलं,

“आमचा चौदावा खण रिकामा झालाय. त्यात मागच्यासाठी तुम्ही स्वतः काय ठेवाल?”